सातवी खाच

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. रेक्झिन फाटलेली, स्पंज बाहेर आलेली, पण ड्रायव्हरची. सध्या पोलीस ठाण्यामागच्या आवारात, एका मोठ्या गाडीत पडून आहे. मागच्या महिन्यात माझ्यावर मांजर व्यालं. माझ्यावर आजवर जे बसले, त्यात त्या मांजरीबद्दल माझी काही तक्रार नाही.

बॉडी बांधणाऱ्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला आणि मला शाळेच्या मोठ्या बसमध्ये बसवलं. माझ्या पायाशी दोन लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्यांना सात खाचा. खटका ओढला की मी पुढे-मागे सरकते. बुटक्याला पुढची खाच, उंचाला मागची. एवढंच काय ते माझं यंत्र.

चौदा वर्षं माझ्यावर तामलवाडीचे श्रीमंत नावाचे ड्रायव्हर बसले. पोरं त्यांना नाना म्हणत. अंगाने लहानखुरे. बसले की आधी खटका ओढायचे आणि मला दुसऱ्या खाचेत आणायचे, मग दोन्ही आरसे बघायचे. निघण्याआधी बसभोवती एक फेरी ठरलेली. पोरं ओरडायची, "नाना, निघा की आता!" नाना म्हणायचे, "चाकाखाली कुत्र्याचं पिल्लू असलं मंजी? थांबा जरा." चौदा वर्षांत एका पोराच्या गुडघ्याला खरचटलं नाही. शाळेने त्यांना एकदा शाल-श्रीफळ दिलं. मला कुणी काही दिलं नाही, पण फुशारकी मीच जास्त मारली.

मग शाळेने बस विकली. घेतली रणधीरने. मोठा बागायतदार, सहा फुटी गडी, बोटात अंगठ्या. त्याने आतली बाकं उपटली. पलंग आले, शेगडी आली, फ्रीज आला, टीव्ही आला. बसची कॅराव्हॅन झाली, म्हणजे चाकांवरचं घर. गावोगाव लोक फोटो काढायचे. सगळ्या घराला नवं सामान आणि मला मात्र तेच फाटकं रेक्झिन.

एवढी जड गाडी चालवायला वेगळं लायसन लागतं, मित्रांनो. हेवी लायसन. त्यासाठी शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. रणधीरकडे कारचं लायसन होतं आणि शिकायला वेळ नव्हता. मग त्याने सोपा उपाय काढला. नानांना नोकरीला ठेवलं. नानांचं लायसन खिशात, नाना शेजारच्या सीटवर आणि माझ्यावर स्वतः रणधीर. पोलीस दिसले की जागा बदलायची. हाक कशी मारायचा? "ए श्रीमंत्या!"

तो मला खाडकन सातव्या खाचेत ढकलायचा आणि एका हाताने स्टेअरिंग फिरवायचा. नाना सांगून थकले. "मालक, ही कार न्हाय. हिचं बूड लई मागं हाय. वळताना मागचं बाहीर फेकतं." रणधीर हसायचा. "वीस वर्षं गाडी हाणतोय म्या. मला शिकवतो व्हय?"

सीताफळांचे दिवस होते. सगळं घर सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला निघालं. पूजेचा झेंडूचा हार डाव्या आरशावर लोंबत होता. "मालक, हार काढू का? कायबी दिसत न्हाय," नानांनी विचारलं. "देवाचा हार हाय, राहू दे," रणधीर म्हणाला. फाट्यावर डाव्या कडेला उमाबाई टोपली घेऊन सीताफळं विकत बसली होती. रणधीरने उजवीकडे एकदम स्टेअरिंग फिरवलं. गाडीचं लांबलचक बूड डावीकडे फेकलं गेलं. आधी टोपली फुटल्याचा आवाज आला. मग उमाबाईचा.

तिचा पाय गुडघ्यापासून गेला, मित्रांनो. हे सांगताना माझा स्पंजसुद्धा आक्रसतो.

लोक धावत येत होते. रणधीर चटकन माझ्यावरून उठला आणि त्याने नानांचा दंड धरला. "नाना, तुम्ही बसा हितं. लायसन तुमच्याकडं हाय. तुमच्या मंजुषाच्या नोकरीचं माझ्याकडं लागलं." त्या दिवशी तो पहिल्यांदा नाना म्हणाला, पहिल्यांदा तुम्ही म्हणाला. लेकीचं नाव ऐकून नाना माझ्या कडेला टेकले आणि तसेच लोकांच्या हातात सापडले. मला पुढे ओढायलाही त्यांना कुणी वेळ दिला नाही. जबाबात त्यांनी गाडी आपणच चालवत होतो असं सांगितलं. त्यांचं लायसन जमा झालं.

मी मात्र सातव्या खाचेतच होते. खरं काय ते माझ्या खाचेत लिहिलेलं होतं. फक्त कुणीतरी वाचायला हवं होतं.

गाडी क्रेनने ओढून ठाण्यामागे आणली होती. चौथ्या दिवशी ती तपासायला आरटीओचे साहेब आले. नानांना बोलावून म्हणाले, "सुरू करा, ब्रेक बघू." नाना माझ्यावर बसले. पाय क्लचपर्यंत पोचेना. मी मनात ओरडत होते, नाना, खटक्याला हात लावू नका! साहेबांना तुमचा लोंबता पाय दाखवा!

पण चौदा वर्षांचं वळण होतं ते. साहेब खाली वाकून चाकं बघत होते, तोवर हात आपोआप खाली गेला. खट्, खट्, खट्, खट्, खट्. मी दुसऱ्या खाचेत आले. नानांनी आरसेसुद्धा बघितले. आणि मग त्यांचा हात खटक्यावरच थिजला. आपण काय पुसून टाकलं, ते त्यांना कळलं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "गाडी म्या चालवली न्हाय. ही सीट बघा, लई मागं व्हती. माझा पाय पोचत नव्हता."

साहेबांनी वाकून बघितलं. "तुमच्या मापात तर आहे."

रणधीरने आता दुसरी कॅराव्हॅन घेतली आहे, आणि तिच्यासाठी दुसरं लायसनही, म्हणजे दुसरा माणूस. मंजुषाची नोकरी कुठेच लागली नाही. नाना आता कुठलीच गाडी चालवत नाहीत. उमाबाई त्यांच्याच नावाने बोटं मोडते.

मित्रांनो, मोठ्या गाडीत फिरायला जाल तेव्हा फ्रीज-टीव्ही नंतर बघा. आधी विचारा, स्टेअरिंगवर बसलेल्याकडे या गाडीचं लायसन आहे का? शेजारी बसलेल्याकडे आहे म्हणाले, तर खाली उतरा. माझ्यावर कोण बसलं होतं, हे मला मात्र विचारू नका. मी अजून दुसऱ्या खाचेत आहे. विचारलंत तर मीही नानांचंच नाव सांगेन.