घरात शिरलेल्या खुणा

मी घरात पाऊल टाकलं की दोघांचे हात एकदम खाली यायचे. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागायच्या आणि माझा नवरा लार्या शिवणयंत्रात दोरा ओवायला घ्यायचा. दोरा आधीच ओवलेला असायचा.

"काय चाललं होतं?"

"कुठं काय? मक्याचं केंके गरम आहे, मासे तळलेत. जेव."

चार महिन्यांपूर्वी सासूबाईंची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आमच्या तेमा बंदराच्या मासळीबाजारात जिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा, ती बाई गप्प झाली. लार्या शिंपी, घरीच काम करणारा, म्हणून त्यांचं सगळं तोच बघायचा. मी बंदरावर क्रेन चालवते. सासूबाईंना ते कधीच आवडलं नव्हतं. "बाईमाणसानं आभाळात बसून लोखंड उचलायचं?" असं त्या चारचौघांत म्हणायच्या. आता मायलेक माझ्यामागे हातवारे करतात म्हटल्यावर मला दुसरं काय वाटणार? सुनेनं नोकरी सोडून घरी बसावं, असं शिजत असणार. नणंद मावा तर मागच्या रविवारी तोंडावर बोललीच होती, "आयोर्कोर, दादानं किती दिवस बायकांची कामं करायची गं?"

त्यात माझ्या पिशवीतला क्रेनच्या खुणांचा तक्ताही गायब झाला. मी विचारल्यावर लार्या म्हणाला, "बंदरावरच राहिला असेल." नजर मात्र चुकवली त्यानं.

बंदरावरही डोक्याला शांतता नव्हती. जमिनीवर उभं राहून मला खुणा करणारा ओक्पोती काका, तीस वर्षांचा जुना माणूस, हल्ली अर्धवट खुणा करायचा. 'सावकाश' म्हणायचं तर दोन्ही हात लागतात. हा एकच हात हलवायचा. दोनदा मी मालाची पेटी हवेत तशीच धरून ठेवली. पितोय की काय हा? साहेबांच्या कानावर घालायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

एका दुपारी वारा फार सुटला म्हणून क्रेन बंद केल्या. मी लवकर घरी आले आणि मुद्दाम मागच्या खिडकीशी उभी राहिले. लाज वाटली, पण हलले नाही.

सासूबाईंनी डाव्या हाताचं बोट वर करून गोल फिरवलं. लार्यानं त्यांना काखेत धरून वर उचललं. त्यानं घाई केली तसा त्यांनी तळवा जमिनीकडं करून हात आडवा झुलवला. तो जागच्या जागी थांबला. मग बोट खाली, गोल. त्यानं त्यांना हळूच खुर्चीत टेकवलं.

वर घे. थांब. खाली सोड. या माझ्या खुणा होत्या! शिवणयंत्रावर माझा तक्ता उघडा पसरलेला होता.

मी आत गेले. सासूबाई दचकल्या. लार्या शाळकरी पोरासारखा उभा राहिला.

"चोरून कशाला? मागितला असता तर दिला नसता का?"

"आईनंच बजावलं होतं," तो म्हणाला. "तू एकदा दमून आलीस, मी बडबड करत होतो, तर तू हातानंच मला थांबवलंस. आईनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तोच हात मला केला. किती महिन्यांनी मला कळलं गं, तिला काय हवंय ते! पण सुनेसमोर चुकीची खूण करायची नाही म्हणाली. म्हणजे, तसं दाखवलं."

"मला वाटलं, मला घरी बसवायचा बेत चाललाय."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग बोट वर केलं आणि गोल, गोल फिरवत राहिल्या. वर घे. मला उचलायला सांगत होत्या. पहिल्यांदाच. मी उचललं. मग त्यांनी 'सावकाश' म्हणायला डावा हात पुढं आणला. उजवा तसाच लोंबत होता. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी मी क्रेनवर चढण्याआधी काकाला गाठलं.

"काका, उजवा हात वर जात नाही ना तुमचा?"

तो चिडला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी तर तुम्हाला दारुडा ठरवून मोकळी झाले होते."

त्यानं आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग पुटपुटला, "खांदा धरलाय. सांगितलं तर घरी बसवतील, पोरी."

"आणि न सांगता कुणी पेटीखाली आलं तर?"

आम्ही दोघं मिळून साहेबांकडं गेलो. साहेब आधी कपाळाला आठ्या घालून बसले. पण शेवटी काकाला औषधपाण्याला सुट्टी मिळाली आणि परत आल्यावर नव्या माणसांना शिकवायचं काम. त्याचा हात आता खांद्यापर्यंत येतो, त्याहून वर नाही.

परवा तो घरी आला होता. सासूबाईंची एक खूण चुकली म्हणून त्यानं टोकलं. त्यांनी त्याला 'थांब' केलं आणि पुढं स्वतःचंच काहीतरी केलं. ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं, पण शिवी होती हे लार्यासकट आम्हा तिघांनाही कळलं.