नऊ मिनिटं बसून

मावशीने आयुष्यभर जे वाद्य वाजवलं त्याचं नाव बसून. खांद्याएवढ्या उंचीचं लाकडी नळकांडं, आणि त्याला वेताची इवलीशी रीड, जी ओठांत धरून फुंकायची. "उभ्याने वाजवता येत नाही म्हणून बसून," हा नवऱ्याचा विनोद ती अठ्ठावीस वर्षं ऐकत होती. नवरा दातांचा डॉक्टर. तोंड उघडं ठेवून बसलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांना विनोद ऐकवायची त्याला सवयच लागली होती.

वाद्यवृंदातले सगळेच तिला मावशी म्हणत. सख्खा भाचा मात्र एकच, आणि घात त्यानेच केला.

भाचा संगीत संयोजक. बाराव्या वर्षी त्याच्या हाती एक जुनी प्रोग्रेसिव्ह रॉकची रेकॉर्ड लागली आणि मुलगा वाया गेला, असं त्याची आई म्हणे. रॉकच्या या प्रकारात एक गाणं तेवीस मिनिटं चालतं, मात्रा कधी सात तर कधी अकरा असतात, आणि शब्द कोणालाच कळत नसल्यामुळे सगळ्यांनाच आवडतात. दोन वर्षं खपून त्याने ते तेवीस मिनिटांचं गाणं साठ वादकांच्या वाद्यवृंदासाठी लिहून काढलं. मधोमध सिंथेसायझरचा नऊ मिनिटांचा एकट्याचा तुकडा होता. तो त्याने प्रेमापोटी मावशीच्या बसूनला दिला.

मावशीने पानं उलटली. चार पानं, शाईने काळी झालेली, आणि कुठेही विराम नाही.

"अरे, श्वास कुठे घ्यायचा?"

"मूळ रेकॉर्डवर थांबा नाहीये, मावशी."

"मूळ रेकॉर्डवर सिंथेसायझर आहे. त्याला वीज लागते, मला हवा लागते."

"ही नऊ मिनिटं म्हणजे सृष्टीची उत्पत्ती आहे. लोकांनी त्यावर प्रबंध लिहिलेत. मधे तोडलं तर अर्थच जाईल."

"तुझ्या उत्पत्तीच्या वेळी तुझी आई मधे मधे श्वास घेत होती. मी तिथे होते."

भाचा लालबुंद झाला, पण एक सूरही कापायला तयार होईना.

पहिल्या तालमीत मावशी दुसऱ्या पानापर्यंत पोचली आणि तिचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. पाठीमागे चेलोवाले सगळा वेळ एकच सूर धरून बसले होते. त्यांच्यातल्या एकाने तेवढ्यात डुलकी काढल्याचं नंतर उघड झालं, कारण मावशी थांबली तरी त्याचा गज चालूच होता. कंडक्टरने छडी खाली ठेवली आणि भाच्याला विचारलं, "तुमचं हिच्याशी काही जुनं वैर आहे का?"

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या पानावर अडकली. घरी नवऱ्याने तिचा जबडा चाचपून पाहिला.

"अगं, चांगलाच सुजलाय. पेशंट असतीस तर गप्प बसायला सांगितलं असतं."

"पेशंट नाहीये म्हणूनच बोलतेय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मूळ रेकॉर्डवर सिंथेसायझर वाजवणारा खुद्द सिंथवाला तालीम बघायला आला. चाहते त्याला जादूगार म्हणत, कारण तरुणपणी तो अंगरखा घालून धुरातून प्रकट होत असे. आता तो पाठीला पट्टा बांधून दारातून प्रकट झाला आणि आधी खुर्चीला पाठ आहे ना ते बघून बसला. भाचा त्याच्यापुढे हात जोडून असा उभा राहिला, की मावशीलाच अवघडल्यासारखं झालं. तिने सरळ विचारलं.

"तुम्ही हे एवढं लांब का वाजवलंत?"

"गिटारवाल्याचं पोट बिघडलं होतं," जादूगार म्हणाला. "ती रेकॉर्ड जाहीर कार्यक्रमातच झालेली. त्याने मला खूण केली आणि पळाला. तो येईपर्यंत मला काहीतरी वाजवत राहणं भाग होतं. मला वाटलं दोन मिनिटांत येईल."

"आणि सृष्टीची उत्पत्ती?" भाच्याने विचारलं.

"ते लोक म्हणायला लागले. आम्ही नाही कशाला म्हणू?"

बासरीवाल्या पोरी खाली मान घालून हसायला लागल्या. भाचा मात्र आतून विझला. छापायला गेलेल्या कार्यक्रमपत्रिकेत उत्पत्तीवर त्याने दोन पानं लिहिली होती. "कापून टाकू आपण," तो पुटपुटला. "तीन मिनिटं ठेवू."

इतके दिवस मावशीला हेच हवं होतं. पण त्याचं पडलेलं तोंड बघून तिला गलबलून आलं, आणि दुसरंही काहीतरी सुचलं. तिने जादूगारासमोर पानं पसरली.

"तो येतोय का म्हणून तुम्ही दाराकडे कुठे कुठे बघितलंत?"

म्हाताऱ्याने पेन्सिल मागून घेतली. डोळे मिटून बोटं मांडीवर चालवत त्याने जागोजागी छोट्या रेघा मारल्या. "इथे बघितलं. इथेही. इथे तर शिवी दिली. मान वळली की हात जरा सैल पडायचा."

रेघा मोजल्या तर चोवीस निघाल्या. मावशीने प्रत्येक रेघेवर श्वास घेत तुकडा वाजवायला सुरुवात केली. आता ती सृष्टी वगैरे काही निर्माण करत नव्हती. कोणाची तरी वाट बघत किल्ला लढवत होती, दर थोड्या वेळाने दाराकडे कान लावत होती. चौथं पान संपलं तेव्हा झोपाळू चेलोवाला टक्क जागा होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह टकल्या आणि शेंडीइतके केस राखलेल्या चाहत्यांनी भरलं. नऊ मिनिटं झाली. कंडक्टरने सगळ्यांना आत घ्यायला छडी उचलली. मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी भुवई हलवली. ती वाजवतच राहिली, स्वतःचं, न लिहिलेलं. पडद्याआड भाचा हातवारे करून थांबायला सांगत होता. चेलोवाल्यांचे खांदे भरून आले. दहा मिनिटं झाली, अकरा झाली. पुढच्या रांगेत बसलेला जादूगार हसता हसता पट्टा सैल करत होता. मग तिने स्वतःच बसून खाली घेतलं, आणि कंडक्टरने घाम पुसून वाद्यवृंद सुरू केला.

दुसऱ्या दिवशी तिचे ओठ सुजून टम्म झाले होते. नवऱ्याने आठवडाभर बोलायचं नाही असं बजावलं आणि तिला नळीने दूध पाजलं. दुपारी भाचा बर्फाची पिशवी आणि कोऱ्या स्वरलिपीचे कागद घेऊन आला.

"ती शेवटची दोन मिनिटं लिहून देतेस का?" त्याने विचारलं.

मावशीने बर्फ ठेवून घेतला आणि कागद परत दिले.