उष्टी हळद

माझ्या मोठ्या बहिणीच्या, कोकिळाच्या मानेवर केसांखाली बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती, बोटाखाली सुळकन सरकायची. लहानपणी मी तिच्या कुशीत निजताना त्या गाठीशी खेळत असे.

त्या माघात विसरवाडीचं स्थळ ठरलं आणि माय रोज ती गाठ चाचपू लागली. नवऱ्याकडच्या बायका त्याची उष्टी हळद घेऊन येणार, नवरीला चोळून न्हाऊ घालणार. गाठ हाताला लागली की महारोग समजून उठून जातील, ही तिची भीती.

लग्नाला सात दिवस उरले तेव्हा तिनं आम्हा दोघींना खांडबाऱ्याहून गाडीनं नंदुरबारला नेलं. मी नऊ वर्षांची होते.

“चरबीची गाठ आहे. जन्मभर राहिली तरी काही करणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

“तरी काढा.”

त्यांनी काढली, टाके घातले. “दहा दिवस थेंबभर पाणी लागता कामा नये.”

मायनं मान हलवली. लग्नाचं बोललीच नाही.

परतताना वाळत घातलेल्या मिरच्यांवरून वारा आला. कोकिळा शिंकली आणि मान धरून खाली बसली.

“कोनले सांगू नको. तुले मन्ही आन शे,” माय मला शपथ घालत म्हणाली.

सहाव्या दिवशी हळद आली. मायनं सकाळीच पट्टी काढून टाके केसांखाली झाकले होते. नणंद सुंदरबाई दांडगी, हसरी. तिनं दोन्ही हातांनी चोळायला घेतलं.

“वहिनी, मान काबरं आखडी ऱ्हायनी? आतेच इतली लाजस, मंग मन्हा भाऊसमोर काय करशी?”

बायका खिदळल्या. कोकिळानं माझ्याकडे पाहिलं. मी मायकडे. मायचे ओठ घट्ट मिटलेले. मी तांब्या ओतला. पाठीवरून पिवळं पाणी उतरलं, मग त्यात एक तांबडी रेघ आली. सुंदरबाईला ती कुंकवाची वाटली.

लग्नानंतर पाचव्या दिवशी विसरवाडीहून निरोप आला. आम्ही पोचलो तर कोकिळाची मान सुजून खांद्याला मिळाली होती, अंग तव्यासारखं तापलेलं. सासू निर्मलाबाई कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. मायनं रडत रडत गाठीचं सगळं सांगितलं.

निर्मलाबाईचा हात थांबला. तिनं चोळीची बाही वर सारली. दंडावर तशाच तीन गाठी होत्या.

“वीस वरीसन्या शेतस,” ती म्हणाली. “एकदाव इचारतीस तरी, विहीणबाई.”

कोकिळा माझ्याकडे बघत होती, हळदीच्या दिवशी बघितलं होतं तशीच. दिवेलागणीपर्यंत बघत राहिली. मग मायनं हातानं तिचे डोळे मिटले.