दोन ओळी

नळ कोरडे पडले तशी रत्नम्मा लेकरं घेऊन माहेरी, भोकरला गेली. तिचा नवरा विरूपाक्ष मागं राहिला, लातूरच्या ऑफिसातला टँकर-नोंदींचा सर्व्हर सांभाळत. तो आणि नांदेड ऑफिसचे किशनराव एकाच नावानं त्यात लॉगिन करायचे.

दुपारी त्यानं वहीत लिहून ठेवलेली ‘हू’ कमांड मारली. सर्व्हरवर कोण आहे ते ती दाखवते, दर लॉगिनला एक ओळ. रोज एकच ओळ यायची, त्याची स्वतःची. आज दोन आल्या.

“च्यामारी, आले की किशनराव!”

घाईघाईनं त्यानं दुसऱ्या ओळीवर निरोप धाडला: ‘जेवलाव का?’

उत्तर येईना. मग सकाळी लॉगिन करून विसरलेली स्वतःचीच दुसरी विंडो त्याला दिसली. तिच्यात कुणीतरी विचारत होतं: ‘जेवलाव का?’

बंद डब्याकडं बघत तो म्हणाला, “न्हाई.”