खुंटीवरची जीन्स

दोन पाय आहेत, पण चालता येत नाही. गुडघे आहेत, पण टेकता येत नाहीत. मी एक जीन्स आहे, मोटरसायकलवर बसणाऱ्यांसाठी शिवलेली. माझ्या बाबतीत जे घडलं ते मलाच सांगावं लागतंय, कारण ज्या दोघांना ते ठाऊक आहे ती दोघं त्याबद्दल एकमेकांशीही बोलत नाहीत.

बाहेरून मी चारचौघींसारखी निळी. आतून मात्र मांडीपासून नडगीपर्यंत पिवळट अस्तर आहे. त्याचे धागे इतके चिवट की मला कापताना कारखान्यातल्या दोन कात्र्या बोथट झाल्या. गुडघ्यांवर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना आतून खिसे आहेत आणि त्यांत पॅड. बोटाने दाबाल तर मऊ, जोरात आदळाल तर दगड.

मला घ्यायला नवरा-बायको दोघं आले होते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत, सगळं मोटरसायकलवर. त्याच्याबरोबर काम करणारा माणूस आदल्या आठवड्यात साध्या कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू जाताना घसरला होता आणि त्याच्या गुडघ्यावरची चामडी रस्त्यावर राहिली होती. बायको घरी शिवणकाम करायची, लोकांचे कपडे आत-बाहेर करून द्यायची. नवऱ्याने समोरची पहिली जीन्स उचलून आरशासमोर धरली. बायकोने तिची आतली बाजू बाहेर काढली, शिवण नखाने ओढून पाहिली आणि ती जीन्स परत ठेवली. माझी शिवण तिने तीनदा ओढली.

"ही तिहेरी आहे," ती म्हणाली. "ही उसवणार नाही."

"चामड्याची पँट जास्त चांगली नाही का?" नवऱ्याने दुकानदाराला विचारलं.

"चांगलीच. पण ती घालून तुम्ही लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार का? रोज घालवेल तीच चांगली." दुकानदाराने कोपऱ्यातल्या चाकं काढलेल्या मोटरसायकलकडे बोट दाखवलं. "आणि आरशात नका बघू. उभ्याने सगळ्याच छान दिसतात. तिथे बसा आणि गुडघे वाकवा."

तो बसला. आधीच्या दोन जीन्सची पॅड नडगीवर घसरली. माझी बरोबर गुडघ्याच्या वाटीवर बसली. "जरा घट्ट वाटते," तो म्हणाला.

"घट्टच हवी. सैल असली की पडताना पॅड फिरतं आणि गुडघा उघडा पडतो."

तर अशी मी त्या घरी गेले. पहिले तीन महिने मी रोज त्याच्या अंगावर असायचे. माणसाचं पायांवरून जेवढं कळतं तेवढं तोंडावरून कळत नाही. साहेबाचा फोन आला की त्याच्या पोटऱ्या ताठ व्हायच्या आणि घराच्या वळणावर गाडी आली की सैल पडायच्या. रात्री तो मला दारामागच्या खुंटीवर टांगायचा, तेव्हा माझे गुडघे वाकलेलेच राहायचे. "कुणीतरी बसल्यासारखी दिसते," बायको म्हणायची आणि मला भिंतीकडे वळवायची.

मग तो दिवस आला. बायकोने मला धुतलं होतं. पॅड काढून खिडकीत ठेवली होती आणि मला उलटी करून बाल्कनीतल्या दोरीवर घातलं होतं. तो जुनी पातळ पँट घालून कामाला गेला. अकराचा सुमार. वारा नव्हता. शेजारचे टॉवेल जिथल्या तिथे लटकत होते.

आणि जमीन माझ्या अंगावर आली.

दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर, रिकामी, दोरीवर असताना माझा डावा गुडघा रस्त्यावर आपटला. मग कंबर. मग मी फरफटत गेले, दहा-बारा फूट तरी. चिमट्यांतून मात्र मी तसूभरही हलले नव्हते.

बायको टॉवेल काढायला आली होती. तिने माझा डावा पाय झटका बसल्यासारखा उडताना पाहिला. मग माझ्यातून बाल्कनीच्या फरशीवर काहीतरी सांडलं. तिने वाकून बोटाने टिपलं. वाळू होती. ती अजून बोटाकडे बघत होती तेवढ्यात आत फोन वाजला.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची पँट कापून काढली. गुडघ्यावर कापड असं उरलंच नव्हतं. "एवढं घासून पायावर ओरखडा नाही," ते म्हणाले. "नशीबवान आहात." घरी आल्यावर बायकोने मला त्याच्यासमोर टेबलावर पसरलं. डाव्या गुडघ्यावर तळहाताएवढं निळं कापड गेलं होतं आणि पिवळं अस्तर पिंजून वर आलं होतं.

तो आधी हसला. मग त्याने माझ्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला.

मला वाटलं होतं, आता हा मला अंगावेगळी करणार नाही. पण माणसाचं उलटंच असतं. उन्हाळा लागला होता. एके सकाळी त्याने पातळ पँट चढवली. बायकोने खुंटीकडे पाहिलं.

"अंगात घातली काय, टांगली काय," तो म्हणाला, "काम तर होतंय."

तेव्हापासून मी दारामागेच. आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. पूर्वी जिथे ब्रेक लावायचा तिथे आता तो गाडी पुढे काढायचा. मला सगळं कळायचं. खुंटीवर असताना माझी मांडी एखाद्या बसच्या पत्र्याला घासून जायची. एकदा स्वयंपाकघरात काही शिजत नसताना जळका वास सुटला. बायको वास घेत घेत दारामागे आली. माझ्या पोटरीवर सायलेन्सरच्या आकाराचा तपकिरी डाग उमटत होता. ती बघत असतानाच तो मोठा होत गेला.

ती प्रत्येक वेळी मला मांडीवर घेऊन ठिगळ लावायची. तिच्या हातांना कळत होतं. निळं कापड मिळतं हो कुठेही, पण आतलं अस्तर तिच्याकडे नव्हतं. गुडघ्यावर ते आता जाळीसारखं विरलं होतं. तिने मला उजेडाकडे धरलं तर पलीकडचे खिडकीचे गज दिसले.

"अस्तर संपलंय," त्या संध्याकाळी तिने त्याला सांगितलं. "पुढच्या वेळी काय घासायचं?"

"तू लावशील काहीतरी."

"मी कापड शिवते रे. कातडी नाही शिवत."

"इतके दिवस काही झालं का मला?" तो म्हणाला आणि ताटावर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला तेव्हा मी खुंटीवर नव्हते. बायकोने मला घातलं होतं. कमरेला दोरी बांधली होती, खाली दोन घड्या मारल्या होत्या, आणि ती दारासमोरच्या खुर्चीत गुडघे वाकवून बसली होती.

"हे काय?"

"कुठे काय? निघ तू, उशीर होतोय."

"काढ ती."

"का? ती घरी असली की झालं, असं तूच म्हणतोस ना? घरीच आहे ती." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण आत तिच्या पोटऱ्या ताठ झाल्या होत्या. ते फक्त मला ठाऊक. "अस्तर संपलंय, आता आत मी आहे. जा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने हेल्मेट उचललं आणि तो गेला.

त्या दिवसासारखी गाडी त्याने कधी चालवली नव्हती. प्रत्येक खड्डा मला हळूच कळत होता, प्रत्येक सिग्नलला पाय टेकत होता. ती खुर्चीतून उठली नाही. चहाचा कप तसाच निवला. दुपारी कुणीतरी त्याच्या आडवं आलं असावं. एक झटका बसला, करकचून ब्रेक लागला, गाडी कलली, आणि त्याचा डावा गुडघा कशाला तरी, अगदी निसटता, टेकला. मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. पण जिथे धागाच नव्हता तिथे मी तरी काय आडवं घालणार?

तिने ओठ आवळून घेतले.

अर्ध्या तासात तो घरी होता, हातपाय धुतल्याशिवाय तिच्यासमोर जमिनीवर बसलेला. त्याने आपली पँट वर केली. गुडघा स्वच्छ होता. मग त्याने माझी घडी उलगडून हळूहळू वर सरकवली. तिच्या डाव्या गुडघ्यावर नाण्याएवढं खरचटलं होतं. त्यात वाळूचे तीन कण होते. ते त्याने एकेक करून काढले.

त्याच आठवड्यात दोघं परत त्या दुकानात गेली. आल्यावर बायको शेजारणीला सांगत होती की हा तासभर त्या बिनचाकी गाडीवर बसून गुडघे वाकवत होता, दुकानदाराला जेवायला जायचं होतं. आता तो रोज नवी जीन्स घालतो, उन्हाळा असो की काही असो. मी तिच्याशी बोलून पाहिलं. ती उत्तर देत नाही. बहुतेक ती नुसती जीन्सच आहे, आणि तसंच असलेलं बरं.

मला टाकून दिलं नाही. शिवणकाम करणारी बाई कापड टाकत नाही, असं शेजारीण समजते. पण खरं कारण वेगळं आहे. तो निघाला की बायको मला चढवते आणि मशीनवर बसते. तो परत आला की काढून ठेवते. तो हे बघतो, आणि विचारत नाही.

मोटरसायकलवर बसणाऱ्यांनो, माझ्यासारखी घेतलीत तर अंगात घाला. बसून बघा, घट्ट घ्या, रोज घाला. तुम्ही नाही घातलीत तर ती दुसरं कुणीतरी घालून बसतं, आणि त्याच्याकडे ब्रेक नसतो.

आत्ता दुपार आहे. ती कुणाच्यातरी बाह्या आखूड करतेय. मध्येच तिचा पाय थांबतो, मशीन थांबतं, आणि आम्ही दोघी ऐकतो. डाव्या गुडघ्याखाली रस्ता सरकतोय. सावकाश, अजून तरी सावकाश.