डाव्या गालावरचे तीन खड्डे

"ही माझी आई नाही," मी म्हटलं.

स्टुडिओच्या मालकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अगं, एकतीस वर्षं या टेबलाशी बसायची ती. मला ओळखू येणार नाही होय?"

पडद्यावर आईच होती. पण डावा गाल अंड्याच्या टरफलासारखा गुळगुळीत. तिथे तीन खड्डे असायला हवे होते. सोळाव्या वर्षी, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तिने तीन मुरमं नखांनी फोडली होती. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी पाठीमागे अर्धी लपलेली आहे.

"काका, खड्डे परत आणा. पाच वाजता शोकसभेला लोक यायचेत. फोटो फ्रेममध्ये बसवायचाय अजून."

"चांगलं काम केलं तरी बोलणी! मायलेकी एकाच माळेचे मणी."

आईचं काम फोटोंवरचे डाग काढण्याचं. आधी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने, पुढे कॉम्प्युटरवर. दिवसभर दुसऱ्यांची मुरमं पुसायची, आणि पुसता पुसता वैतागायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हिची सरबत्ती सुरू.

"हात खाली. चेहरा आहे की तबला?"

"टूथपेस्ट चोपडलीस? गालाला दात आलेत का?"

"बाई, पासपोर्टचा फोटो हवाय, सल्ला नकोय," एकदा एक गृहस्थ म्हणाले.

"सल्ला फोटोबरोबर येतो. वेगळा मागावा लागत नाही. तो मोबाईल पुसता का कधी? गालाला लावता ना दिवसभर?"

पाठीमागे तिला सगळे साबणवाल्या बाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं.

घरी तरी सुटका कुठली! मला मुरमं आली तेव्हा मी दिवसातून पाचदा तोंड घासायचे. "दोनदा धू. साधा साबण, साधं पाणी. कातडी आहे ती, करपलेलं पातेलं नव्हे." केस कपाळावर नकोत. व्यायाम करून आलं की आधी घाम धुवायचा. एकदा धीर धरला की सहा आठवडे धरायचा, चौथ्या दिवशी आरशाला विचारायचं नाही. चाळिशी उलटल्यावरही तिचा फोन यायचा, "उशीचा अभ्रा कधी बदललास?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"असशील. हनुवटीला हात लावून बसली असशील."

मी तशीच बसलेली असायचे. त्याचाच जास्त संताप यायचा.

एका गोष्टीसाठी मात्र मी तिला माफ केलं नव्हतं. चौदाव्या वर्षी, शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोआधी, मी नाकावरची पुटकुळी दाबली. ती सुजून बोराएवढी झाली. सगळ्या वर्गाची मुरमं आईने पुसली, माझी ठेवली. "गळ्यात घालून फिर वर्षभर. म्हणजे हात जाणार नाही," एवढंच म्हणाली. वर्षभर मी ते ओळखपत्र उलटं घालून फिरले.

"तिचा दुष्टपणा तेवढा उचलू नकोस," मालक म्हणाले. ते अजून पडद्याकडेच बघत होते.

"मुद्दाम ठेवली होती तिने माझी पुटकुळी. अद्दल घडवायला."

"तुला तसं सांगितलं?" त्यांनी खुर्ची वळवली. "मी पुसायला निघालो होतो ती. म्हटलं, पोरीची जात, चिडवतील. तिने माझा हात धरला. म्हणाली, 'दिवसभर सगळ्यांची तोंडं सारखी करते मी. माझ्या पोरीचं तोंड तेवढं आहे तसं राहू दे.' मग नाक ओढत बसली. वर मलाच म्हणाली, 'कामं नाहीत का तुम्हाला?'"

मी पडद्याजवळ सरकले.

"हिने इतक्या जणांचं पुसलं," ते म्हणाले, "हिचं कुणी कधी पुसलं नाही. म्हणून केलं गं. दोन तास लागले."

"चांगलं झालंय, काका."

"झालंय ना?"

"हो. पण ती नाही दिसत."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माऊस धरला. पहिला खड्डा आला. दुसरा. तिसरा यायला थोडा वेळ लागला, की त्यांचा हातच अडला, कोण जाणे. मग ती आली, पुरती वैतागलेली, आत्ता काहीतरी बोलेल अशी.

यंत्रातून फोटो निघायला अवकाश होता. माझा हात हनुवटीकडे गेला. आठवडाभर ना झोप, ना धड आंघोळ; तिथे एक टपोरं मुरूम ठणकत होतं. नखाला लागलं, आणि मी हात खाली घेतला.

कोपऱ्यात बेसिन होतं. त्यावर तिच्या अक्षरातली पाटी: 'फोटोआधी चेहरा धुवा. चोळू नका, टिपा.' शेजारच्या फळीवर ती रोज घरून सहा धुतलेले रुमाल आणून ठेवायची, माणसागणिक एक. आता घडी घातलेला एकच उरला होता.

मी चेहरा धुतला. चोळला नाही, टिपला.

"तो तिथेच टाक गं," मालक म्हणाले, "बघू नंतर."

"नको," मी म्हटलं. ओला रुमाल पिशवीत घातला. धुवून परत आणायचा होता.