दहा मिनिटांची मुदत

इस्पितळातल्या नर्सबाईंच्या पाळ्या थोरल्या जाऊबाईंनी तेवीस वर्षं हाताने लावल्या. चादरीएवढा कागद, पट्टी, खोडरबर, आणि कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचं मूल अंगावर पितं, हे सगळं तोंडपाठ. आता त्याच टेबलावर संगणक आला आणि त्याच्यापुढे बसायला नेमकी धाकटी जाऊ. आयत्या बिळावर नागोबा. महिनाभर दोघींनी मिळून काम बघायचं, मग टेबल कुणाचं ते मेट्रनबाई ठरवणार होत्या.

धाकटी नावं भरी, सुट्ट्या भरी, कळ दाबी, की दहा मिनिटांत पाळ्या तयार. "काय चटपटीत आहे हो," असं कुणी म्हटलं की थोरलीच्या पोटात दुखे.

त्या दिवशी पडद्यावर पिवळी खिडकी उघडली. 'दिलेला वेळ संपला. आतापर्यंत जमलेली मांडणी दाखवत आहे. दोन जागा रिकाम्या.' धाकटीने ती न वाचताच मिटली.

थोरलीने मागून वाचलं होतं. रिकाम्या जागाही मांडणीत दिसत होत्या: मुलांच्या वॉर्डातल्या, गुरुवार सकाळच्या. आपण गप्प राहिलो तर गुरुवारी बोभाटा होणार आणि टेबल आपसूक परत येणार. ती चहाला गेली. पण एकटी नर्स आणि वीस रडकी पोरं डोळ्यांपुढून हलेनात.

परत येऊन म्हणाली, "वाच तरी गं, काय लिहिलं होतं ते."

"अहो जाऊबाई, ती खिडकी रोजच येते. पाळ्या जुळवायला यंत्राला दहा मिनिटांचीच मुदत दिलीय ना मी."

"रोज नुसती येते. आज दोन जागा खाऊन गेली."

धाकटीने पाहिलं, जीभ चावली आणि सरळ मेट्रनबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाई, वेळ पुरला नाही. गुरुवारच्या दोन जागा राहिल्यात. जाऊबाईंनी दाखवल्या."

आता हिची खरडपट्टी निघणार म्हणून थोरलीने कान टवकारले.

"मग अर्धा तास दे त्याला," मेट्रनबाई मान वर न करता म्हणाल्या. "सांगितलंस ते बरं केलंस. पुढच्या महिन्यापासून तूच बघ हे टेबल. थोरल्या बाई आहेतच अडीअडचणीला."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. टेबल गेलं ते गेलंच. पण एकदा घरी लेकरू तापाने फणफणलं होतं, तेव्हा तिनेही याच दारात पाळ्या लावायला दोन तास जास्तीचे मागितले होते. "जमत नसेल तर तसं सांगा," एवढंच याच बाई बोलल्या होत्या. त्यानंतर 'वेळ पुरला नाही' हे शब्द तिने कधी तोंडातून काढले नाहीत. आणि त्या यंत्राला मात्र मागताक्षणी अर्धा तास.

धाकटीने मुदत वाढवली, कळ दाबली आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा ना जाऊबाई. आता अर्धा तास आपल्याला काही काम नाही."

थोरली बसली नाही. उभ्याउभ्याच तिने कोरा कागद ओढला आणि यंत्राच्या आधी त्या दोन जागा भरायला घेतल्या.